शिवाराची विविधता उपग्रह-चित्रांतून कशी मोजावी

उपग्रहांनीं घेतलेलीं भूमीचीं चित्रें आतां कोणाही शेतकऱ्यास विनामूल्य मिळूं शकतात. परंतु चित्र पाहणें निराळें व तें वाचणें निराळें. आपल्या शिवारांत विविधता किती आहे हें अंकानें कसें मोजावें व त्या अंकावर कितपत विसंबावें, याचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

युरोपांतील सेंटिनेल-२ या मालेचा पहिला उपग्रह २०१५ सालीं सोडण्यांत आला. त्याच्या चित्रांतील लहानांत लहान चौकोन भूमीवरील १० मीटर लांब व १० मीटर रुंद जागेचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा असतो. प्रत्येक चौकोनापुढें तांबड्या प्रकाशाचा व डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा अंक नोंदलेला असतो. अवरक्तांतून तांबडा वजा करून बाकीस दोहोंच्या बेरजेनें भागावें, म्हणजे हिरवेपणाचा अंक निघतो. दाट पिकाचा अंक मोठा व उघड्या जमिनीचा लहान येतो. क्यूजीआयएस या विनामूल्य संगणक-आज्ञावलींत हें गणित सहज होतें.

नंतर नऊ चौकोनांची खिडकी चित्रावरून सरकवीत न्यावी व प्रत्येक ठिकाणीं विविधतेचें माप काढून तें मधल्या चौकोनांत मांडावें. येथेंच चूक होण्याचा संभव असतो. शॅनन यांनीं १९४८ सालीं मांडलेलें माप निराळे अंक किती व कोणत्या प्रमाणांत आहेत एवढेंच पाहतें. त्यांच्यांतील अंतर पाहत नाहीं. समजा, रब्बीच्या हंगामांत एका खिडकींत सर्वत्र ज्वारी असून तिचे अंक ०.६० पासून ०.६८ पर्यंत एकेका शतांशानें चढत गेले आहेत. दुसरींत तीन चौकोन पडीक, अंक ०.२०, तीन हरभऱ्याचे, ०.५०, व तीन उंसाचे, ०.८०. शॅनन यांचें माप पहिलीस २.२० व दुसरीस १.१० येतें. म्हणजे एकट्या ज्वारीचें रान दुसऱ्याच्या दुप्पट विविध ठरतें!

भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनीं १९८२ सालीं मांडलेलें माप ही उणीव भरून काढतें. प्रत्येक चौकोनाची स्वतःसकट सर्व नऊ चौकोनांशीं जोडी लावावी, म्हणजे ८१ जोड्या होतात. त्यांच्या अंकांतील अंतरांची सरासरी हेंच तें माप. तें पहिल्या खिडकीस ०.०३ व दुसरीस ०.२७ येतें. डोळ्यांस जें दिसतें तेंच अंक सांगूं लागतो. ‘आर’ या गणनप्रणालींतील ‘रास्टरडिव्ह’ संचानें हें माप काढतां येतें.

तथापि दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एका गुंठ्याच्या आंत पेरलेलें मिश्र पीक या चित्रांत वेगळें दिसत नाहीं. ज्वारींत तुरीच्या ओळी असल्या तरी चौकोन एकच अंक सांगतो. दुसरें, ढग व त्यांची छाया काढून टाकल्यावांचून केलेलें माप फसवें असतें.

एकाच पिकाच्या शेतांत, बांधापासून दूर, रावांचें माप मोठें आल्यास तेथें पाणी सांचलें आहे कीं जमीन खारावली आहे, हें स्वतः जाऊन पाहावें. आणि अशा अंकावरून कोणी आपल्या शेताची पारख करूं लागल्यास माप कोणतें व चौकोन केवढा, हे दोन प्रश्न शेतकरी बंधूंनीं अवश्य विचारावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.