शाईचे थेंब का होतात?

प्रश्न : वाशिमच्या पद्मतीर्थ तलावाचा फोटो जेल मीडियमने ड्रॉइंग बोर्डावर उतरवला. घरच्या प्रिंटरवरच्या प्रतीचे रंग पाण्याबरोबर वाहून गेले. झेरॉक्सच्या दुकानातली प्रत टिकली, पण चित्र पांढुरकं दिसतं. त्यावर टाकाने लाटा काढायला घेतल्या, तर शाई बसत नाही, थेंब होतात. चुकतं कुठे? (एक वाचक, वाशिम)

उत्तर : दुकानातली प्रत टिकली ती लेझर होती म्हणून. टोनर ही प्लॅस्टिकची भुकटी. ती उष्णतेने कागदावर वितळून बसते आणि पाण्याला दाद देत नाही. घरच्या इंकजेटचे रंग बहुधा पाण्यात विरघळणारे असतात, त्यामुळे कागद भिजवून चोळताच ते सुटतात.

पांढुरकेपणा म्हणजे मागे राहिलेले कागदाचे तंतू. ओलं असताना ते दिसत नाहीत, सुकले की उमटतात. ओल्या बोटाने हलकेच चोळा, सुकू द्या, पुन्हा चोळा. एका बैठकीत सगळं काढायला गेलात तर टोनरही निघेल. शेवटचा पुसट थर मॅट मीडियमचा पातळ हात दिला की पारदर्शक होतो. चोळण्याआधी मात्र जेल रात्रभर वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. जेलऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद वापरणारेही आहेत. मी सुचवणार नाही. पाणी लागलं की तो मऊ पडतो.

आता शाई. जेल वाळलं की वरचा पृष्ठभाग कागद राहत नाही, ॲक्रिलिकचा पापुद्रा होतो. पाण्यातली शाई त्यात मुरणार कुठे? शिळाछापाचा सारा धंदा अशाच नावडीवर चालला. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात देवादिकांची चित्रं निघाली ती ओला दगड तेलकट शाई झिडकारतो म्हणून. तुम्हाला मात्र शाई धरून ठेवायची आहे. तेव्हा वर पारदर्शक जेसोचा एक हात द्या. त्यातल्या बारीक खरखरीमुळे शाई धरते. शाई ॲक्रिलिक घ्या. फाउंटन पेनची शाई सुकलेली दिसली तरी वरून मीडियम फिरवताच पसरते. टाकाचं टोक पापुद्रा खरवडतं, त्यापेक्षा बारीक ब्रश बरा.

पण मी तुमच्या जागी असतो तर पाण्याचा भाग प्रतीतून कापूनच टाकला असता. काठ आणि इमारती फोटोच्या, पाणी कोऱ्या बोर्डावर थेट शाईचं. तिथे जेल लागूच देऊ नका, मग टाकही चालेल. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने १९५८ ते १९६० मध्ये दान्तेच्या ‘इन्फर्नो’वर ३४ चित्रं केली. मासिकांतली छायाचित्रं त्याने द्रावकाने भिजवून, मागून घासून कागदावर उतरवली. पापुद्रा नसल्याने त्याच कागदावर पेन्सिल आणि जलरंगही चालले. द्रावक मात्र पेट घेतो आणि त्याची वाफ वाईट, बंद खोलीत तो खटाटोप नको.

आणखी एक. प्रत ‘मिरर’ करून मागा, नाहीतर डावं-उजवं उलटतं. फोटोत पाटी असली तर लगेच ध्यानात येतं. नुसता काठ असला तर पाहायला आलेला एखादा वाशिमकरच सांगेल.