मूक आज्ञावली व तिची परीक्षा

“संगणक बिघडला आहे,” हे वाक्य गेल्या वर्षी आमच्या अंधेरीच्या शाळेत वारंवार कानी पडे. ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव नोंदण्याकरिता आम्ही पायथॉन भाषेत, टीकिंटर या साधनाच्या साहाय्याने, एक लहानशी आज्ञावली रचली होती. मधल्या सुट्टीत मुलांची गर्दी होई. कोणी ‘शोधा’ हे बटण दाबी आणि पडदा चित्रासारखा निश्चल राही. आम्ही माऊस बदलला, कळफलक बदलला. एकदा तर अधीर होऊन आज्ञावली बळेच बंद केली आणि त्या दिवसाच्या न साठविलेल्या नोंदी नाहीशा झाल्या. ज्यांनी पुस्तके वेळेवर परत केली होती, त्या मुलांकडेही दुसऱ्या दिवशी दंड मागण्यात आला! त्यांची क्षमा मागून आम्ही या दोषाचे मूळ शोधण्याचा निश्चय केला. तो शोध इतरांसही उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगत आहो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, बटण दाबताच काम होत नाही. दाबल्याची वर्दी संगणकाची मूळ प्रणाली एका रांगेत ठेवते. आज्ञावली त्या रांगेतून एकेक वर्दी उचलते, तिच्यासाठी नेमलेले काम करते आणि पुढची वर्दी घेण्यास परत येते. घाटकोपर स्थानकावरील तिकिटाची खिडकी डोळ्यांपुढे आणावी. आत एकच कारकून आहे. एखाद्या उतारूसाठी तो जुनी वही शोधण्यास आत गेला, तर बाहेरची रांग तशीच खोळंबते. उतारू आहेत, खिडकी आहे, कारकूनही जिवंत आहे. केवळ तो जागेवर नाही. विंडोज प्रणालीत पाच सेकंदांपर्यंत कोणी रांगेकडे फिरकले नाही, तर ती आज्ञावली ‘प्रतिसाद देत नाही’ असे ठरविले जाते. सबब, न बोलणारी आज्ञावली मेलेलीच असते असे नव्हे.

आमच्या शोधाचा पहिला धागा एका लहान मुलाच्या उतावळेपणामुळे हाती आला. त्याने बटण पाच वेळा दाबले, आणि काही वेळाने तोच शोध एकामागून एक पाच वेळा झाला. म्हणजे वर्दी हरवत नव्हती. ती वाट पाहत होती. मग आम्ही ‘शोधा’ या कामाच्या आरंभी एक व शेवटी एक अशा दोन ओळी घातल्या व प्रत्येकीने घड्याळाची वेळ लिहावी अशी योजना केली. आरंभ व शेवट यांत कित्येक सेकंद जात होते, कारण प्रत्येक शोधासाठी आम्ही पुस्तकांची सबंध यादी पुन्हा वाचीत होतो. दोष माऊसचा नव्हता, आमचा होता. ते वाचनाचे काम आम्ही वेगळ्या थ्रेडकडे सोपविले. तो आपले उत्तर एका पेटीत ठेवतो. मुख्य कारकून दर दहाव्या भागाच्या सेकंदाने पेटीत डोकावतो व उत्तर पडद्यावर मांडतो. पडद्याला हात लावण्याचा अधिकार मात्र त्या एकट्याचाच ठेवला.

तरीही एक तक्रार उरली. इंग्रजी ‘एस्’ ही कळ दाबताच शोध सुरू व्हावा अशी सोय होती. ती कधी चाले, कधी चालत नसे. या वेळी आम्ही येणाऱ्या प्रत्येक कळीचे नाव लिहून घेतले आणि कोडे क्षणात उलगडले. पुस्तकाचे नाव मराठीत लिहिण्यासाठी मुले इन्स्क्रिप्ट कळफलक चालू करीत. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने 1986 साली प्रमाण ठरविलेल्या या मांडणीत त्याच जागेवर ‘ए’कारची मात्रा आहे. आज्ञावली ‘एस्’ची वाट पाहत बसे आणि दारात मात्रा उभी असे! बोट तेच, कळ तीच, परंतु निघणारे अक्षर निराळे. आपल्या लिपीसाठी संगणकात असा दुभाषी बसविणे हे मोठे काम आहे. आमच्या शेजारीच, जुहू येथे 1985 साली स्थापन झालेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने ‘इंडिक्स’ प्रकल्पाद्वारे लिनक्स प्रणालीत भारतीय लिपींची सोय करण्याचे कार्य केले. पुढे ती संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. आम्ही शोधासाठी ‘एफ् तीन’ ही कळ नेमली. भाषा कोणतीही असो, तिचा अर्थ पालटत नाही.

सारांश, आज्ञावली मुकी झाली असता तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. वर्दी आली काय? ती ज्याची त्याच्याकडे, ज्या रूपात अपेक्षित होती त्याच रूपात पोहोचली काय? आणि घेणारा मोकळा होता काय? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तर्काने न देता लेखी नोंदीने द्यावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणत्या औषधाने आला ते कळत नाही.

आता आमची आज्ञावली प्रत्येक नोंद तत्काळ साठविते, आणि मधल्या सुट्टीत रांग झपाट्याने पुढे सरकते. निरपराध मुलांकडे मागितलेला तो दंड मात्र आम्ही विसरलो नाही. चौकशीपूर्वी दोष देण्याची घाई यंत्राच्या बाबतीत अज्ञान ठरते. माणसाच्या बाबतीत तो अन्याय होय.