भिंतीवरचा इतिहास

युद्धाची स्मृती बखरींत व कागदपत्रांत राहते, तशीच ती भिंतीवरही राहते. श्रीरंगपट्टणचा दर्या दौलत महाल हे याचे बोलके उदाहरण होय. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये बांधविलेल्या या महालाच्या पश्चिम भिंतीवर १० सप्टेंबर १७८० रोजीचे पोल्लिलूरचे युद्ध चितारलेले आहे. त्या वर्षी नाना फडणवीसांच्या पुढाकाराने मराठे, हैदर अली व निजाम इंग्रजांविरुद्ध एकत्र आले होते. चित्रात इंग्रज पलटणीच्या मध्यभागी कर्नल बेली पालखीत बसलेला दिसतो. जवळच दारूगोळ्याचा गाडा पेटला आहे आणि म्हैसूरचे घोडदळ चाल करून येत आहे. इंग्रजी वृत्तांतांत न सापडणारी विजेत्यांची दृष्टी येथे पाहावयास मिळते.

मात्र ही चित्रे एकदा पांढऱ्या रंगाखाली झाकली गेली होती. १७९९ नंतर तेथे राहिलेल्या आर्थर वेलस्लीने ती दुरुस्त करविली. पुढे लॉर्ड डलहौसीच्या आदेशाने ती पुन्हा रंगविण्यात आली. त्यामुळे आज दिसणारे रंग सर्वस्वी मूळचे नाहीत.

वाईजवळील मेणवली येथे नानांच्या वाड्यातही जुनी भित्तिचित्रे आहेत. अशा वाड्यांची व देवळांची डागडुजी करताना चुन्याचा एक हातही घातक ठरतो. म्हणून ग्रामस्थांनी रंगकामापूर्वी भिंतींची छायाचित्रे घ्यावीत आणि पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा. पुसलेले चित्र पुन्हा काढता येते. पण मूळ चित्रकाराचा हात परत मिळत नाही.