पॉपकॉर्नचे गणंग कोंबड्यांना घालताय? आधी हा हिशोब करा



जत्रेतल्या पॉपकॉर्न गाडीचा व्हिडिओ पाहून मूलकडच्या एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "सर, तळाशी दाणे उरतात, पण माझं वाया काहीच जात नाही जी. संध्याकाळी कोंबड्यांना टाकते." ऐकायला बरं वाटतं. पण त्यांचा खरा तोटा तिथेच लपला होता. कसा, ते आज पाहू.

न फुटलेल्या दाण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, गणंग. गणंगाची किंमत किती?

समजा, मक्याचं बी १०० रुपये किलो. एक किलोचे चांगले फुटले तर १० रुपयांचे ४० पुडे होतात, म्हणजे ४०० रुपये. आता शंभरातले १५ दाणे फुटलेच नाहीत. तुम्ही म्हणाल, १५ रुपयांचं बी गेलं. नाही! पुडे ४० ऐवजी ३४ झाले. गॅस, तेल, मेहनत तेवढीच लागली आणि गल्ल्यात ६० रुपये कमी आले. दिवसाला १० किलो फोडत असाल, तर ६०० रुपये. तुमच्या गावचे दर टाकून बघा, आकडा बदलेल, गोष्ट तीच राहील. आपण बी वजनावर घेतो आणि पॉपकॉर्न पुड्याच्या आकारावर विकतो. म्हणून गणंगाचा तोटा विक्रीच्या भावाने मोजायचा, खरेदीच्या नाही.

दाणा फुटत का नाही?

पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण १३.५ ते १४ टक्के ओलावा लागतो. तापल्यावर त्याची वाफ होते, पण कडक साल ती बाहेर जाऊ देत नाही. आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ नऊपट होतो. प्रेशर कुकरमध्ये तो साधारण दुप्पटच असतो! मग साल फाटतं आणि आतलं पीठ फुलून बाहेर येतं. म्हणजे तीन गोष्टी बिघडू शकतात.

१. ओलावा उडाला. हे माझ्याच बाबतीत झालं. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत माल छान फुटला. उरलेलं अर्धं पोतं मी तोंड उघडं ठेवून टिनाच्या खोलीत टाकलं. चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेत तेच बी काढलं, तर प्रत्येक घाण्याला मूठमूठ गणंग. मी व्यापाऱ्याशी फोनवर भांडलो, "खराब माल दिला" म्हणून. पोतं तेच होतं, खराब माझी साठवण होती. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात उघडं बी वाळणारच. नंतर माफी मागितली, पण त्या दिवसापासून त्यांनी मला उधारी दिली नाही.

२. साल फुटलेलं. पोतं आपटलं, दाण्याला बारीक चीर गेली की वाफ तिथून निसटते. असा दाणा दुसऱ्यांदा तापवूनही बहुधा फुटत नाही. गणंग परत कढईत टाकणं म्हणजे गॅस जाळणं.

३. कढई थंड. २०१५ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी मोजलं. १७० अंशांना फक्त ३४ टक्के दाणे फुटले, १८० ला ९६ टक्के. दहा अंशांचा फरक! म्हणून तेलात आधी तीन-चार दाणे टाका. ते फुटले की बाकीचे टाका. गर्दी आहे म्हणून कढई गच्च भरली, तर तेल थंड पडतं.

काय करायचं?

पोतं घेण्याआधी नमुना आणा. १०० दाणे मोजून फोडा, उरलेले मोजा. आकडा वहीत लिहा. साठवलेल्या बियांचीही जत्रेच्या आठवडाभर आधी हीच परीक्षा घ्या.

बी वाळलं असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात एक किलोला १० मिली, म्हणजे दोन छोटे चमचे पाणी टाका. तीन-चार दिवस रोज हलवा, मग पुन्हा १०० ची परीक्षा. लाह्या फोडणाऱ्या बाया धानाला आधी पाणी मारून दडपून ठेवतात, तेच शास्त्र. पाणी जास्त झालं तर बुरशी येईल. बुरशीचा दाणा गिऱ्हाइकालाही नको, कोंबडीलाही नको.

आणि कोंबड्या?

कोंबडी गणंग खाते. तिला दात नाहीत, पण कलेजी-पेट्यातला जो पेटा, तो तिचं जातं. खाल्लेल्या बारीक खड्यांनी तिथे दाणा दळला जातो. साधा, बिनमिठाचा पॉपकॉर्नही ती खाते. पण नियम पाळा:

- मीठ, मसाला, बटर लागलेलं घालू नका. पॉपकॉर्न आधी चाळून घ्या, मसाला नंतर टाका. गिऱ्हाइकाचा दातही वाचतो.
- लहान पिल्लांना कडक दाणे नकोत.
- असा खाऊ एकूण खाद्याच्या दहाव्या हिस्स्यापेक्षा जास्त नको. मक्यात प्रथिनं ९ टक्क्यांच्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला लागतात १६ ते १८ टक्के. शिवाय कवचासाठी कॅल्शियम लागतं, ते मक्यात नसल्यासारखंच.

आता ताईंचा हिशोब. कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाते, म्हणजे खाऊ १० ग्रॅम. त्यांच्या १२ कोंबड्यांना १२० ग्रॅम पुरे. गणंग निघायचे रोज दीड किलो! कोंबड्या मक्याने पोट भरायच्या, लेयरचं खाद्य तसंच पडायचं आणि अंडी कमी झाली होती. ताईंना वाटत होतं, रोग आला.

गणंग कोंबडीला घालणं चूक नाही. पण पॉपकॉर्नचं महागडं बी कोंबडीच्या पोटात गेलं, की त्याला भाव कोंबडीखाद्याचाच मिळतो. "वाया जात नाही" म्हणून आपण मोजणं सोडून देतो, तिथून पैसा गळतो. वडेवाल्याचा चुरा असो की शिंप्याच्या चिंध्या, आधी मोजा, मग कमी करा. उरेल ते कोंबडीला.

गृहपाठ: आज १०० दाणे फोडा. किती उरले ते वहीत तारखेसकट लिहा. पुढच्या व्हिडिओत त्याच आकड्यावरून पुड्याचा भाव काढू.