बाबांना काय झालंय, हे लेकरांना कोण सांगणार?

घरात मोठं दुखणं आलं की आपण सगळे हळू बोलायला लागतो. फोन आला की गच्चीवर जातो, फाइल कपाटावर ठेवतो आणि लेकरानं विचारलंच, तर "तू अभ्यास कर, बाबा बरे होतील" म्हणून मोकळे होतो. दोंडाईच्याहून मुंबईला कॅन्सरसाठी टाटा हॉस्पिटलला जायचं म्हणजे रजा, पैसे, डबे, पोरांना मामाकडे ठेवणं. त्यात बोलायला उसंत कुठली? आणि उसंत मिळाली तरी तोंडातून शब्द फुटत नाही.

पण पोरांना कळतंच. सांगितलं नाही तर ती मनानंच काहीबाही जुळवतात. मी हट्ट केला म्हणून बाबा आजारी पडले. त्यांच्या ताटात जेवले तर मलाही होईल. अशी भीती मूल उशीखाली घेऊन झोपतं, आणि आपल्याला पत्ता नसतो.

अशा वेळी सिस्टरांना विचारा, अगदी हक्कानं. त्यांचं काम सलाइन-इंजेक्शनापुरतं, असं आपण धरून चालतो, पण ते तेवढंच नसतं. आजार बरा होण्यासारखा नसला तरी दुखणं, धाप, घालमेल कमी करता येते. त्यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. टाटात त्याचा वेगळा विभाग आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हेच काम करतंय. पेशंटइतकंच घरच्यांनाही सांभाळायचं, हे तिथल्या सिस्टरांच्या कामातच धरलेलं असतं.

वेदना कमी करणारं मॉर्फिन दुखायची वाट न पाहता घड्याळ लावून का द्यायचं, हे त्या आपल्याला समजावतात. तेच लेकरालाही सांगतात: बाबा तुझ्यावर रुसले नाहीत, औषधानं त्यांना गुंगी येते. पाण्यात भिजवलेला कापूस पोरीच्या हातात देऊन, बाबांचे कोरडे पडलेले ओठ कसे हलकेच ओले करायचे, ते दाखवतात. नुसतं दाराशी उभं राहण्यापेक्षा पोरीला ते केव्हाही बरं वाटतं.

"बाबा मरणार का?" हा प्रश्न आला की आपला जीव गोळा होतो. खोटं बोलू नका. कॅन्सर हा शब्दही टाळू नका. "डॉक्टरांना आता आजार थांबवता येत नाहीये. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. तुझ्याजवळ मी आहे, आजी आहे." एवढं पुरतं. सांगताना रडू आलं तर येऊ द्या. एकट्यानं जमत नसेल तर सिस्टरांना शेजारी बसवून सांगा.

गावी निघण्याआधी त्यांच्याकडून औषधांच्या वेळा लिहून घ्या, अडीअडचणीला फोन कुणाला करायचा तेही विचारा. आणि वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. गृहपाठ राहिला म्हणून लेकराला चारचौघांत बोलणी बसायला नकोत.