ठिपकेदार डोळ्यांची माशी

पौष महिन्यात वाराणसीच्या आसपासची शेते मोहरीच्या फुलांनी पिवळी होतात. बांधावर क्षणभर उभे राहिले, तर फुलासमोर हवेत स्थिर राहिलेला, मधमाशीसारखा दिसणारा एक कीटक नजरेस पडतो. आपण दचकून मागे सरतो. वस्तुतः त्याला नांगीच नसते. ती मधमाशी नव्हे, सिरफिड माशी होय.

ओळख पटवण्यासाठी प्रथम पंख मोजावेत. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी गाठीसारखे दोन इवले अवयव असतात व ते उडताना तोल सांभाळतात. म्हणून हिचा गण डिप्टेरा, म्हणजे द्विपंखी. मग भिंगातून पंख पाहावा. त्यात शिरेसारखी दिसणारी, परंतु इतर शिरांना न मिळणारी एक पुसट रेषा आढळते. ही आभासी शीर म्हणजे सिर्फिडी कुलाची जणू मोहोरच. मात्र या कुलात सहा हजारांहून अधिक जाती आहेत. तेव्हा कुल कळले एवढ्याने काम भागत नाही.

कुलाखालची पायरी म्हणजे प्रजाती. मोहरीच्या एकाच फुलोऱ्यावर एपिसिर्फस आणि इरिस्टॅलिनस या दोन्ही प्रजातींच्या माश्या येऊ शकतात. पहिली सडपातळ असते. तिच्या पोटावर नारिंगी व काळे पट्टे असतात. दुसरी अंगाने भरदार असते, आणि तिचे डोळे एकदा पाहिले की विसरत नाहीत : त्यांवर गडद ठिपके किंवा पट्टे असतात. शिवाय तिच्या पंखातील एक लांब शीर मध्येच खोलगट वळण घेते. डोळ्यांवरील नक्षी आणि हे वळण, दोन्ही जुळल्यावरच इरिस्टॅलिनस हे नाव द्यावे.

नावात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. एपिसिर्फसच्या अळ्या पिकावरील मावा खाऊन जगतात. इरिस्टॅलिनसच्या अळ्या मात्र कुजक्या पाण्यात वाढतात आणि शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेतात. माव्याच्या घोळक्यातील बिनपायांची अळी कीड समजून तिच्यावर औषध फवारणारा शेतकरी आपल्याच मदतनिसाला मारतो. उलट, ठिपकेदार डोळ्यांच्या माश्या पाहून जो निश्चिंत होतो, त्याचा मावा तसाच राहतो.

अशी गल्लत जुनीच आहे. मेलेल्या बैलाच्या शरीरातून मधमाश्या जन्मतात, अशी समजूत प्राचीन ग्रीक व रोमन लोकांत होती. त्या मधमाश्या नसून इरिस्टॅलिस या जवळच्या प्रजातीच्या माश्या असाव्यात, असे ऑस्टेन-साकेन या अभ्यासकाने १८९४ मध्ये दाखवून दिले. भारतातील सिरफिड माश्यांचे सविस्तर वर्णन १९२३ मध्ये ग्रंथरूपाने दिले ते एनरिको ब्रुनेटी यांनी. व्यवसायाने ते संगीतकार होते, हे वाराणसीकरांना विशेष आवडावे!

वर्गीकरण हे शिलालेखासारखे अढळ नसते. आज इरिस्टॅलिनस अर्व्होरम म्हणून ओळखली जाणारी जाती फॅब्रिसियसने १७८७ मध्ये सिर्फस या प्रजातीत घातली होती. इरिस्टॅलिनस ही प्रजाती रोंदानीने १८४५ मध्ये मांडली. माशी तीच राहिली. तिचे घराणे तेवढे बदलले.

पाठगत प्रश्न : फुलावरील एका कीटकाला दोनच पंख आहेत, पंखात आभासी शीर आहे, पण डोळे एकरंगी आहेत. त्याचे कुल कोणते? त्याला इरिस्टॅलिनस म्हणता येईल काय? सकारण लिहा.