पाण्यातील आदिजीव आणि अर्ध्यावर थांबलेला उपचार

डबक्यातील पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पॅरामेशियम, युग्लीना, अमीबा असे कितीतरी एकपेशीय जीव त्यात विहरताना दिसतात. १६७४ मध्ये हॉलंडच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहुक यांनी तळ्याच्या पाण्यात असे जीव प्रथम पाहिले. त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी आहेत, इतकेच नव्हे तर जीवाणू खाऊन ते पाण्याची स्वच्छताही करतात. वैद्यकाला चिंता आहे ती मोजक्या परोपजीवींची. त्यांत आपल्या भागात अग्रक्रम द्यावा लागतो तो एन्टअमीबा हिस्टोलिटिका या आदिजीवाला.

पुटीचे सामर्थ्य

या अमीबाच्या दोन अवस्था असतात. आतड्यात सक्रिय असलेली अवस्था शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. रोगप्रसार करते ती पुटी, म्हणजेच सिस्ट. दहा ते वीस मायक्रॉन व्यासाची, चार केंद्रके असलेली ही पुटी टणक कवचामुळे ओलसर जागी अनेक दिवस जिवंत राहते. पिण्याच्या पाण्यात एरवी असते तेवढ्या क्लोरीनने ती मरेलच अशी खात्री नसते. तिच्याहून चिवट असलेल्या क्रिप्टोस्पोरिडियमने १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात, शुद्धीकरण केंद्र असतानाही, सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडले. पाणी चांगले खळखळून उकळणे हाच या सर्वांवरील खात्रीचा उपाय होय.

किलवणी, सिल्वासा आणि सभोवतालच्या पाड्यांचा विचार केला, तर पावसाळ्यात उताराचे पाणी उघड्या विहिरीत व ओढ्यात उतरते आणि त्यासोबत उघड्यावरील मैलाही उतरतो. क्लोरीनची गोळी टाकली की काम झाले, असा समज म्हणूनच अपुरा ठरतो.

निदानातील सावधता

शौचतपासणीत सिस्ट आढळली की अमीबियासिस, असे समीकरण आता मान्य नाही. १९९३ पासून एन्टअमीबा डिस्पार ही दिसायला तंतोतंत तशीच, परंतु रोग न करणारी जाती स्वतंत्र मानली जाते. तांबड्या पेशी गिळलेला सक्रिय अमीबा दिसणे किंवा प्रतिजन चाचणी होकारार्थी येणे, हा अधिक भरवशाचा पुरावा होय. उलटपक्षी, यकृतातील अमीबिक गळूच्या बहुतेक रुग्णांना त्या वेळी जुलाब नसतात आणि शौचतपासणीही पुष्कळदा निर्दोष येते. हा विकार स्त्रियांपेक्षा तरुण व मध्यमवयीन पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो; मद्यपानाशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. ताप आणि उजव्या बरगडीखालील दुखणे घेऊन असा रुग्ण आला, तर सोनोग्राफीस विलंब करू नये.

उपचाराचा दुसरा टप्पा

१९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटिनच्या इंजेक्शनांचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून अमीबावरील औषधांत पुष्कळ प्रगती झाली. आज मेट्रोनिडॅझोल वा टिनिडॅझोलने रुग्णास लवकर आराम पडतो. नेमकी येथेच गफलत होते. ही औषधे ऊतींतील अमीबा मारतात, मात्र आतड्याच्या पोकळीतील पुट्यांचा नायनाट त्यांनी खात्रीने होत नाही. त्यासाठी त्यानंतर डायलोक्सानाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, दहा दिवस (हे प्रौढांचे प्रमाण) द्यावे लागते. हा टप्पा गाळला, तर बरा वाटणारा रुग्ण लाखो पुट्या बाहेर टाकीत राहतो. त्या विहिरीत पोहोचतात आणि तेच पाणी त्याच्या मुलाबाळांच्या व शेजाऱ्यांच्या पोटात जाते. त्याचे स्वतःचे दुखणेही उलटू शकते.

जुलाब थांबताच मजुरीवर परतणारा रुग्ण पुन्हा दवाखान्यात येईलच असे नाही. यास्तव दुसऱ्या टप्प्याचे औषध पहिल्याच भेटीत लिहून द्यावे, ते कशासाठी आहे हे त्याच्या बोलीत समजावून सांगावे आणि घरातील पिण्याचे पाणी कोठून येते, हा प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारावा. एका रुग्णाचा उपचार पूर्ण करणे म्हणजे त्या पाड्यावरील विहिरीचेही रक्षण करणे होय.